देवाच्या करंजावरच्या अळ्या

पावसाळ्यात आमच्या घरी ताजा मासा येत नसे, आणि ज्या घरात ताजा मासा येत नाही त्या घरातली माणसं चिडकी होतात, हे मी फार लहानपणी शिकले. मिरग लागला की किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकून ठेवत. आरोंद्याहून डोक्यावर पाटी घेऊन येणारी मासेवाली मग नारळी पुनवेपर्यंत दिसायची नाही. घरात सुके बांगडे, सुका गोलमा, म्हणजे जवळा, कुळथाची पिठी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुळथाची पिठी. माझे थोरले काका घराचे कर्ते होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. ते पहिले आठ दिवस गप्प जेवत. नवव्या दिवशी ताटाकडे बघून म्हणत, "आज पण ह्याच?" आई चुलीकडे तोंड करून पुटपुटे, "नाय, आज राजवाड्यातसून ताट येतला." दिराशी मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. पुटपुटायला बंदी नव्हती, आणि तिचं पुटपुटणं पडवीपर्यंत नीट ऐकू जायचं.

घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं. पश्चिमेच्या भिंतीला पाऊस लागू नये म्हणून झापांची ताटी बांधलेली असायची आणि ती वाऱ्याने रात्रंदिवस करकरायची. पाऊस पडतो आहे हे आम्हाला तो थांबला की कळायचं. वडील बैलांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलत. दोन भावंडं होती, माझ्याहून धाकटी, त्यांचा या गोष्टीत काही भाग नाही. आणि आते होती, मथुरा, वडिलांची आणि आबांची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आल्यापासून मागच्या पडवीत सुई-दोरा घेऊन बसली ती बसलीच. गावातल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या ती हाताने शिवायची. शिवताना ती कोणाकडे बघत नसे, पण घरात आणि गावात काय चाललंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळे. आबा सगळ्या घरावर ओरडत, आतेवर नाही. तिच्यावर एकदा ओरडून त्यांनी पाहिलं होतं म्हणे.

माझी चौथी झाली आणि शाळा संपली, कारण गावात शाळा चौथीपर्यंतच होती. हे सांगितलं की आजकालच्या पोरी चुकचुकतात. मला वाईट वाटलं नव्हतं. चौथीच्या पुढे काय असतं ते मला माहीतच नव्हतं, आणि नदीवर काय असतं ते माहीत होतं. शेणगोठा, भांडी, केर, लावणीच्या दिवसांत लावणी, हे सगळं करून जो वेळ उरे तो मी नदीवर काढायची. आईने मला त्यासाठी मारलंही आहे. फरक पडला नाही.

गरी घालणं, म्हणजे गळ टाकून मासे धरणं, हे बायकांचं काम नव्हे. ओहोटीला चिखलात उतरून बायका तिसरे, खुबे असले शिंपले वेचत, कंबर मोडेपर्यंत वाकत, त्याला कोणाची हरकत नव्हती. पण काठी घेऊन काठावर आरामात बसायचं आणि मासा येईपर्यंत वाट बघायची, हे फक्त पुरुषांनी करायचं. यातला न्याय मला तेव्हाही कळला नाही आणि अजूनही कळत नाही. माझ्या मामाने मला एक गरी आणून दिली होती, गोव्याची. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तिकडचा माल इकडे कसा येतो ते विचारायचं नसे. मामाने ती टोपीच्या शिवणीत खोचून आणली होती. बारीक, निळसर, आणि टोक असं की बोटाला नुसतं लावलं तरी रक्त. चिवारीची, म्हणजे बारीक बांबूची, काठी मी स्वतः तोडली. दोरा आतेने पिळून दिला आणि ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळला, म्हणजे तो कुजत नाही. "कोणी इचारल्यान तर माका म्हायत नाय म्हणान सांग," ती म्हणाली. "आणि मासो गावलो तर माका शेपटी नको. मधलो तुकडो व्हयो."

आमची नदी पुढे आरोंद्याच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी आमच्यापर्यंत येई, पावसात ती गोडी होऊन जाई आणि डोंगरातून खवळे मासे उतरून येत. वळणावर देवाची राई होती. राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. राईच्या कडेला एक जुना करंज होता, निम्मा जमिनीवर आणि निम्मा पाण्यावर ओणवलेला. गावातले गरीवाले त्याच्या वरच्या अंगाला, खडकावर बसत. मी करंजाखाली बसायची, कारण एक तर तिथे पाऊस कमी लागे आणि दुसरं म्हणजे खडकावर मला कोणी बसू देत नसे. आम्ही सगळे गरीला काडू लावत असू, काडू म्हणजे गांडूळ. पावसाळ्यात काडू सगळीकडून वाहून पाण्यात येतात, मासे ते खाऊन कंटाळलेले असतात. सकाळभर बसून एखादं बोटाएवढं काहीतरी मिळे. ते मांजराला.

एक दिवस पाऊस थांबला होता आणि तरीही माझ्यासमोर पाण्यावर टुप टुप चाललं होतं. आधी वाटलं, पानांवरचं पाणी गळतंय. मग एक अळी माझ्या परकरावर पडली. हिरवी, पोटाकडे पिवळसर, बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर केस नाही. वर बघितलं तर करंजाची पानं चाळणीसारखी झालेली. दुसरी अळी पाण्यात पडली. खालून एक तोंड वर आलं, आणि अळी नाही. मी तिथेच तासभर बसून बघितलं. मासे करंजाखाली तोंड वर करून उभे होते, आमचे आबा ताटाची वाट बघत बसतात तसे.

अळी गरीला लावली तर टिकेना. अंग मऊ, लहान मासे येऊन दोन हिसक्यांत ओढून नेत आणि मोठा येईपर्यंत गरी रिकामी. दोन दिवस मी माशांना फुकट जेवण घातलं. तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत बसले होते आणि आते चोळीचे बंद शिवत होती. कापडाची अरुंद पट्टी उलट बाजूने शिवून नळी करायची, मग तिच्यात माडाचा हीर, म्हणजे झावळीची काडी, घालून ती नळी सुलटी करायची. हे मी शंभर वेळा बघितलं होतं. त्या दिवशी बघितलं आणि उठून नदीवर गेले. अळीचं डोकं नखाने काढलं, दुसऱ्या टोकाला हीर लावला आणि हळूच ढकलत बंदासारखी ती उलटी केली. आतली बाजू बाहेर आली. पिवळट, चकचकीत, आणि चिवट. गरी त्यातून ओवली तर सुटायचं नाव नाही, आणि गढूळ पाण्यात लांबून दिसते. वाचणाऱ्याला किळस येत असेल तर येऊ दे. नदीचा मासा खाल्ला असेल तर त्याने हेच खाल्लं आहे, माशाच्या पोटातून.

त्या सकाळी पाच खवळे मिळाले आणि दोन काळुंदर. आई दारात उभी होती. मी ओल्या परकरात गुंडाळलेले मासे खाली टाकले, तर तिने मारायला उचललेला हात तसाच स्वतःच्या गालाला लावला. तिरफळं घालून तिने तिखला केला, म्हणजे दाट तिखट कालवण, वर आमसुलं, चुलीच्या निखाऱ्यावर ठेवून आटवलेला. उकड्या तांदळाचा भात. आबांनी दोनदा भात घेतला. मासे कुठून आले ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बंद करावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. पंधरा दिवस असेच गेले. आई गुणगुणायला लागली. वडील एकदा जेवताना "बरो झालो" एवढं म्हणाले, कोणाला म्हणाले ते कळलं नाही. माझा नातू आता रबराच्या अळ्या विकत आणतो, लाल, पिवळ्या, चमकी लावलेल्या. मोटारसायकलवर बसून जेट्टीवर जातो आणि येताना चिकन घेऊन येतो.

खडकावर बसणाऱ्यांत आमचे शेजारी भिकूतात्या होते. गावात त्यांच्यासारखा गरीवाला नाही असं सगळे म्हणायचे, म्हणजे आधी तात्या म्हणायचे आणि मग सगळे. पंधरा दिवस त्यांनी माझी काठी वाकताना बघितली. सोळाव्या दिवशी उठून जवळ आले.

"काय लावतंस गो?"

"काडू."

"काडू मी पण लावतंय."

"तुमचे काडू म्हातारे झाले आसतले, तात्या."

ते हसले नाहीत. माझ्याजवळ करवंटी होती, तिच्यावर पान झाकलेलं. त्यांनी पानाकडे बघितलं, मी करवंटी परकराखाली घेतली. पोरीला विचारून शिकायचं म्हणजे तात्यांना मरण. ते परत जाऊन खडकावर बसले, पण त्या दिवसापासून त्यांचं तोंड पाण्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त. मी झाडाखाली वाकून काय वेचते ते त्यांनी शेवटी ओळखलं असणार. कारण दोन दिवसांनी मी गेले तर करंजाची मनगटाएवढी फांदी मोडून खाली ओढलेली, पानं तुडवलेली, आणि खालच्या डहाळ्यांवर अळी औषधाला नाही. देवाच्या झाडाची फांदी. मी खाली पडलेली अळी उचलायची, झाडाला हात लावला नव्हता. मी तशीच घरी परत आले आणि कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या नदीवर थोडाच वेळ दिसले आणि मग पंचा सोडून अंग खाजवत घराकडे पळत गेले. ते गेल्यावर मी खडकावर जाऊन बघितलं. तिथे कुड्याच्या पानांची एक पुडी सुटून पडली होती. तिच्यात सात-आठ केसाळ सुरवंट होते. तात्यांच्या परसात शेवगा होता आणि आषाढात शेवग्याच्या बुंध्यावर सुरवंटांची चादर पसरलेली असे, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं, आणि त्यांना शिवायचं नाही हेही जाणत होतं. पण या सुरवंटांचे केस अर्धवट जळलेले होते. मला तिथेच सगळं कळलं. करंजावरच्या अळ्या संपल्या, तेव्हा तात्यांनी विचार केला असणार की अळी ती अळी. चुलीच्या जाळावर धरून केस जाळले, पुडी बांधली, कंबरेच्या पंच्यात खोचली आणि नदीवर आले. पुडी पंच्यातच सुटली. काडीने ते सुरवंट पुडीत लोटून मी ती घरी नेली आणि लपवून ठेवली.

संध्याकाळपर्यंत तात्यांच्या पोटावर, पाठीवर, मांड्यांवर गांधी उठल्या. त्यांची बायको खोबरेल चोळत होती आणि ते पडवीत उघडे बसून विव्हळत होते. शेजार इतका जवळचा की आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येई. सुरवंटाने खाजतं हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. पण त्यांना वाटत होतं की जाळलेल्या सुरवंटाने खाजत नाही, आणि मनात मोडलेली फांदी होती. दुसऱ्या दिवशी खाज उतरली नाही तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की हा देवाचा कोप. मात्र फांदी आपण मोडली हे सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आबाच्या घरातल्या चेडवान देवाच्या झाडाच्यो अळयो गरयेक लावल्यान. देवाक राग इलो." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"मगे चेडवाक सोडून तुमच्यार कित्याक इलो?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"मी बाजूक बसान होतंय," तात्या म्हणाले.

ही गोष्ट आबांच्या कानावर गेली. आता मात्र त्यांना मासे कुठून येतात ते माहीत नसल्यासारखं करता येईना. त्यांनी माझी काठी उचलली आणि शिडी लावून माळ्यावर टाकली. "संपला," ते म्हणाले. "चेडू बारा वर्षांचा झाला. गरी घालूची नाय. आणि देवळात कौल लावन काय असात तां निस्तरूक व्हया." आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू घरात कोणी मेल्याशिवाय खाली येत नसे, म्हणून मला समजलं की गरी कायमची गेली. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही, आणि त्यानंतर लग्न. वडिलांकडे बघितलं. ते बैलांकडे बघत होते. मला रडू आलं नाही. राग आला. मला नदीवर बसायला आवडायचं, बाकी जगात मला विशेष काही आवडत नव्हतं, आणि जे एक आवडत होतं ते दुसऱ्याच्या सुरवंटांपायी जाणार होतं.

मी मागच्या पडवीत गेले, पुडी आतेसमोर ठेवली आणि मोडलेल्या फांदीचंही सांगितलं. तिने सुई बाजूला ठेवून पुडी नाकाशी नेली. "जळल्याचो वास येता," ती म्हणाली. मग ती हसली. माझी आते वर्षातून दोनदा हसायची, त्यातली ही एक वेळ. पुडी तिने दुसऱ्या पानात बांधून ठेवली.

कौल म्हणजे काय ते शहरातल्या माणसांना सांगावं लागतं. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव प्रश्न विचारतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गावात विहीर कुठे खणायची इथपासून सगळे प्रश्न असे सुटायचे. रविवारी सकाळी देवळात मंडळी जमली. पुरुष सभामंडपात, बायका बाजूच्या खांबांपाशी. सोनू गुरव सोवळं नेसून गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभा होता, हडकुळा, पडक्या दाताचा माणूस. तात्या अंगाला गेरू फासून आले होते आणि लाल मातीच्या भिंतीसारखे दिसत होते. सोनूने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या झाडाक जाणता-अजाणता कोणाचो हात लागलो असात..."

"व्हय म्हाराजा," पुरुष म्हणाले.

"...आणि त्यापायी ह्या भिकूच्या आंगार तू काय काढलं असशीत..."

"व्हय म्हाराजा."

आतेने मला कोपराने पुढे ढकललं. "बोल," ती म्हणाली.

मी पुडी हातात घेऊन मंडपाच्या मध्ये गेले. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं. तरी आवाज ठीक निघाला. "तात्यांच्या आंगाक देव नाय लागलो," मी म्हटलं. "शेवग्याचे सुरवंट लागले." आणि पुडी सोडून खाली ठेवली.

पुढे वाकून दहा जणांनी बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "भिकू, फोडणी घालूची रवली रे." सगळा मंडप हसला. तात्या गेरूखाली आणखी लाल झाले असतील, दिसलं नाही. "केस जाळल्यार खाजना नाय असा माका वाटला," ते म्हणाले, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"आणि फांदी?" खांबापाशी उभी असलेली आते म्हणाली. "ती पण सुरवंटान मोडल्यान?"

तात्यांनी देवापुढे हात जोडले. देवाला नारळ आणि कोंबडा द्यायचं त्यांनी तिथेच कबूल केलं. मला वाटलं, सुटले. मी आबांकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"तां भिकूचा झाला," ते म्हणाले. "चेडवाचा काय? अळयो देवाच्या झाडावरच्योच होत्यो. इचार रे सोनू."

सोनूने पाकळ्या लावल्या. "ह्यो अळयो तुझ्यो असतीत तर उजवो दी, म्हाराजा." पाकळी अशी चटकन पडली की जशी वाटच बघत होती. उजवी. अळ्या देवाच्या. म्हणजे पंधरा दिवस मी देवाचं चोरत होते आणि आमचं अख्खं घर चोरीचं जेवत होतं.

"झाला," आबा म्हणाले आणि उठायला लागले. "गरी बंद."

"कोणी सांगल्यान बंद?" आते म्हणाली. "अळयो आपल्यो म्हणान देवान सांगल्यान. गरी बंद कर म्हणान खंय सांगल्यान?"

"मथुरे, तू गप रव."

"रवतंय. आधी माका एक सांगा. शिमग्याक राईकडे डुकर मारतात, तेवां काय करतात?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शिकारीतला पहिला वाटा देवाचा. तो देवापुढे ठेवायचा, मग तो गुरवाच्या घरी जातो, आणि उरलेला डुक्कर गाव खातो.

"देवाचो वाटो काढतात आणि बाकीचो तुमी खातात," आते म्हणाली. "डुकर मोठो म्हणान वाटो चलता. अळी बारकी म्हणान चलना नाय काय? का मारणारो बापयो होयो?"

गावचा सगळ्यात म्हातारा मानकरी भिंतीला टेकून बसला होता. त्याला मी झोपलेला समजत होते. "इचारूक काय हरकत नाय," तो डोळे मिटूनच म्हणाला.

सोनूने नव्या पाकळ्या लावल्या. "रोजचो पयलो मासो तुझो वाटो म्हणान घेवन ह्या चेडवाक मोकळीक देतंस, तर उजवो दी, म्हाराजा." आणि मग काहीच झालं नाही. दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली, दुसरी आली. कोणी खोकलं. मी उजव्या पाकळीकडे इतकं बघितलं की ती हलते असं तीनदा वाटलं आणि ती हलली नव्हती. डावीची कड सुटली. ती सुटलेली कड तशीच राहिली, आणि उजवी अख्खी घसरून खाली आली.

मोठेपणी मी पुष्कळ कौल बघितले. पाकळी किती ओली आणि बोट किती दाबलं यावर पुष्कळ काही असतं, हे मला आता कळतं. सोनूने काय केलं, काही केलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्याच्या घरी पण तेव्हा महिनाभर कुळीथच शिजत होता, एवढं मला माहीत आहे.

काठी त्याच दिवशी माळ्यावरून खाली आली. आबांनीच काढली, शिडीवर चढून, कोणाशी न बोलता. दुसऱ्या दिवशी सोमवार, मासे नाहीत. मंगळवारी सकाळी मी निघाले तर आबा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माझ्यामागे. देवाचा वाटा नीट निघतो की नाही ते बघायला आपण येतो, असं ते म्हणाले. करंजाखाली ते माझ्या बाजूला उकिडवे बसले. मी अळी घेतली, डोकं काढलं, हीर लावला. आबांनी तोंड फिरवलं. "शी," ते म्हणाले. मग पुन्हा बघायला लागले. "ह्या तुका कोणी शिकयल्यान?"

"आतेच्या बंदांनी."

त्यांना समजलं नाही. गरी पाण्यात पडून जेमतेम बसली असेल, तोच काठी हातातून जायला लागली. असं ओढणं मला माहीत नव्हतं. आबांनी मला मागून परकराला धरलं, मी काठी धरली, आणि आम्ही दोघं चिखलात घसरत मागे आलो. बाहेर आला तो खवळा आबांच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. त्या वर्षी काय, आधीच्या कुठल्याही वर्षी तेवढा मी धरला नव्हता. खवले रुपयाएवढे. आबांनी तो वितीने मोजला.

"मोठो आसा," ते म्हणाले.

"व्हय."

"एवढ्याचा सोनू काय करतलो? त्येच्या घरात खाणारी माणसां तीन."

"पयलो देवाचो. तुमच्या समोर कौल झालो."

त्यांनी देवळाकडे बघितलं, मग खवळ्याकडे, मग पाण्याकडे. शेवटी खोळ माझ्या अंगावर टाकली, मासा गवत पिळून केलेल्या वेठात ओवला आणि स्वतः घेऊन गेले. देवाचा वाटा पोरीच्या हाती पाठवणं त्यांना बरं दिसलं नसावं. परत आले ते वाकड्या तोंडाने. तोवर मला दोन मासे मिळाले होते, दोन्ही वीतभरही नाहीत. पुढे काहीच लागलं नाही.

दुपारी आईने त्या दोन माशांचं पातळ सार केलं, घरातल्या सगळ्यांना पुरावं असं. आबांच्या ताटात एक शेपटीकडचा तुकडा पडला. तो त्यांनी काटे चोखून चोखून खाल्ला. आते मधला तुकडा खात होती. आबांनी तिच्या ताटाकडे एकदा बघितलं. हात धुवायला ते परसात गेले तेव्हा मी भांडी घासत होते. त्यांनी चूळ भरली, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "उद्या थोडा लवकर जा. आधी काडू लावन एक बारको धर. देवाचो वाटो देवन मोकळा होवचा. मगे अळी लाव."

मी तसंच केलं, लग्न होऊन सासरी जाईपर्यंत, दर पावसाळ्यात. देवाने कधी तक्रार केली नाही. सोनू गुरवाने दोनदा केली.